म्वालिमू ब्रेक

माझ्या हातात शिट्टी आली ती मी सभेला उशिरा पोचलो म्हणून. गायन मंडळ, वाचनालय, शाळेची बाग, अशी बसून करता येण्याजोगी सगळी कामं तोपर्यंत वाटून झाली होती. उरलं होतं पळणं. मुख्याध्यापिका बार्नोबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोटापाशी त्यांची नजर जरा जास्त वेळ रेंगाळली, आणि त्या म्हणाल्या, "म्वालिमू किमोसोप, पोरांना पळवायचं आहे. तुम्ही स्वतः पळायलाच हवं असं काही नाही."

म्वालिमू म्हणजे गुरुजी. कापसिरेटच्या शाळेत मी शेती शिकवायचो. आमचं गाव कड्याच्या अगदी काठावर, आणि या कड्यावर पोस्टमन, पाद्री, दूधवाला, कुणालाही थांबवून विचारा, त्याने आयुष्यात कुठली ना कुठली शर्यत मारलेली असते. नसेल तर त्याच्या भावाने मारलेली असते. मला भाऊ नाही. एल्डोरेट शहराच्या बसथांब्यावर परदेशी पाहुणे आमच्या लांब टांगांच्या माणसांना गाठून विचारतात, "तुम्ही किती अंतर पळता?" मी त्या थांब्यावर उभा राहून म्हातारा झालो. मला त्यांनी एकदाच काही विचारलं, आणि ते म्हणजे संडास कुठे आहे.

तरी पहिल्या दिवशी मी पोरांबरोबर पळालो. नव्या माणसाचा उत्साह असतो. चर्चच्या चढापर्यंत मला त्यांच्या पाठी दिसत होत्या, नंतर नुसती लाल धूळ दिसत होती, आणि त्यानंतर मी चर्चच्या मागे वाकून सकाळचा चहा आणि रताळं जमिनीला परत देत होतो. दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. सायकल सपाटीला बरी होती, पण कापसिरेटमध्ये सपाटी म्हणजे फक्त शाळेचं मैदान.

तेव्हा मी नियम केला. पोरांना ओळीत उभं केलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "पळताना तुमच्या गप्पा मला ऐकू आल्या पाहिजेत. ज्याच्या गप्पा ऐकू येणार नाहीत तो फार जोरात पळतोय असं मी समजेन. त्याने परत फिरायचं आणि माझ्या सायकलच्या मागून चालायचं."

"का, म्वालिमू?" एका पोराने विचारलं.

"त्यात शास्त्र आहे," मी म्हणालो.

शास्त्र बाकीही बरंच होतं. मका काढायच्या दिवसांत सराव बंद, कारण मला माझा मका काढायचा असे. मोठ्या पावसाच्या दिवसांत सराव निम्मा, कारण चिखलात सायकल रुतायची. जोरात पळायचं ते आठवड्यातून एकदाच, मंगळवारी, कारण शाळेकडे स्टॉपवॉच नव्हतं आणि शेजारच्या शाळेचं फक्त मंगळवारी रिकामं असायचं. एरवी ते स्टॉपवॉच एलाइजा तालामच्या हातात असायचं, आणि तालाम ते गळ्यातून काढायचा तो बहुधा अंघोळीपुरता.

तालाम ओढ्यापलीकडच्या शाळेचा शिक्षक. पूर्वी सैन्याच्या संघातून शर्यती पळालेला, शेवग्याच्या शेंगेसारखा सडसडीत. त्याची बारा-तेरा वर्षांची पोरं जिल्ह्याच्या शर्यतीत असं पळायची की बघणाऱ्यांनाच धाप लागावी. पहिला नंबर त्याचा, दुसरा त्याचा, बहुतेकदा तिसराही त्याचा. माझी पोरं मागून यायची, गप्पा मारत. एकदा तर माझे दोघे जण शर्यत संपायच्या आधी वाद मिटवायला थांबले होते.

बाजारात मला नाव पडलं, म्वालिमू ब्रेक. सुकुमाची भाजी विकणारी बाई प्रवासी गाडीकडे बघून ओरडायची, "अहो मताटूवाले, उताराला गाडी थांबत नाहीये का? आमच्या म्वालिमूला चाकाखाली ठेवा." लोक हसायचे, मीही हसायचो. भाजी स्वस्त मिळावी म्हणून माणूस काय काय सोसतो.

अशी बरीच वर्षं गेली. मी काही करतोय असं मला वाटत नव्हतं, आणि दिसतही नव्हतं. दिसलं ते माझ्या बायकोला. राएल गावाचं दूध गोळा करून डेअरीत पाठवायची, त्यामुळे कोण कुठल्या रस्त्याने जातंय हे तिला पाद्र्यापेक्षा जास्त माहीत. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना लेकीच्या नावाने हाक मारतात, मी बाबा चेलिमो आणि ती मामा, म्हणजे आई, चेलिमो. एका सकाळी दूध काढता काढता ती म्हणाली, "बाबा चेलिमो, तालामची ती पोरगी कुठं असते हो, जिल्ह्यात पहिली आलेली?"

"घरी असते. नडगीचं हाड दुखतं म्हणे."

"आणि तिच्या आधीचा तो पोरगा?"

"त्याला कंटाळा आला. हार्डवेअरच्या दुकानात असतो."

"आणि तुमची ती, शेवटून दुसरी यायची ती?"

"ती पळतेय की अजून. मागच्या महिन्यात पोलिसांच्या संघात घेतलं तिला."

राएलने बादली उचलली. "मग ब्रेक नक्की कुणाला लागला?" असं म्हणून ती निघून गेली. मी गाईपाशी बसून राहिलो. मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या आळसात काहीतरी असावं.

नेमकी त्याच वर्षी जेमेली आली.

जेमेली काँगोगो तेरा वर्षांची होती आणि तिच्यामुळे माझा नियमच मोडला. कारण ती कितीही जोरात पळाली तरी बोलायची थांबत नसे. बाकीची पोरं धापा टाकत मागे पडायची आणि पुढच्या वळणावरून तिचा आवाज यायचा, काल आजीने कोंबडीला काय सुनावलं, पाद्र्याच्या मोज्याला भोक कसं आहे, सगळं. गप्पा ऐकू येत होत्या, म्हणजे नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. फक्त मी सायकलवरून उतरून चालत होतो आणि ती क्षितिजावर होती.

पहिल्याच जिल्हा शर्यतीत तिने तालामच्या पोरींना असं मागे टाकलं की तालामने स्टॉपवॉच कानाला लावून पाहिलं. बाजारात त्या आठवड्यात मला कुणी ब्रेक म्हणालं नाही. भाजीवालीने चक्क एक जुडी जास्त घातली. मला वाटलं, आपण आता मोठे झालो.

मोठेपण टिकलं ते बेन्सन येईपर्यंत. बेन्सन एल्डोरेटचा माणूस, घरातही काळा चष्मा लावणारा. पळणाऱ्या पोरांना परदेशी शर्यतीत नेणं हा त्याचा धंदा. जेमेली तेव्हा पंधराची. तो तिच्या बापाकडे, म्झे, म्हणजे वडीलधाऱ्या, काँगोगोकडे आला आणि बापाने मलाही बोलावलं. मी शाळेच्या बागेतून तसाच गेलो, शेणाने भरलेल्या गमबुटांत.

चहा आला, भोपळ्यात विरजलेलं दूध, मुर्सिक, आलं. बेन्सन म्हणाला, "म्झे, पोरगी सोन्याची आहे. वाळवंटातल्या एका शहरात रस्त्यावरची मोठी शर्यत आहे. कागदावर वय थोडं वाढवू, पासपोर्टचं मी बघतो. परत येईल तेव्हा तुमच्या घरावर नवे पत्रे असतील आणि गोठ्यात दोन जातिवंत गाई."

मग त्याने माझ्यासमोर एक खोकं ठेवलं. "आणि म्वालिमू, हे तुमच्यासाठी. तुमचे कष्ट आम्हाला दिसतात."

आत पळायचे बूट होते. निळे, बरोबर माझ्या मापाचे. माझं माप त्याला कुठून कळलं देव जाणे, बहुधा माझ्या पावलांचे ठसे गावभर दिसत असावेत. मी उभ्या आयुष्यात असे बूट घातले नव्हते. मी नकार द्यायला म्हणून तोंड उघडलं आणि माझा हात आपोआप बुटाची नाडी कुरवाळू लागला.

"काय म्हणणं आहे तुझं?" काँगोगोने विचारलं.

मी येताना रस्त्याने भाषण जुळवलं होतं. ते सगळं विसरलो. उरली फक्त शेती. मी म्हणालो, "म्झे, कालवड पहिल्यांदा माजावर आली की तुम्ही लगेच तिला वळू दाखवता का?"

जेमेलीच्या आईला ठसका लागला आणि ती उठून बाहेर गेली. बायकांसमोर, पाहुण्यासमोर, पोरगी दाराआड असताना असलं बोलायचं नसतं, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

पण काँगोगोचा सगळा जन्म गुरांत गेलेला. त्याने सवयीने उत्तर दिलं. "नाही. अंग भरलेलं नसतं. वासरू अडतं. गाय वाचली तरी पुढं कधी दुधाला चांगली होत नाही."

"तेच म्हणतोय मी."

त्याने चहा संपवून कप खाली ठेवला. मग सावकाश म्हणाला, "म्वालिमू, तू माझ्या पोरीला कालवड म्हणालास."

"म्हणजे, उदाहरणादाखल."

"आणि या बेन्सनला वळू."

बेन्सनने चष्मा काढला. मी बुटाची नाडी सोडली. काँगोगो हसेल की काठी उचलेल ते कळेना. त्याने दोन्ही केलं नाही. दाराकडे तोंड करून म्हणाला, "जेमेली, ये आत. सगळं ऐकलंयस तू. तूच सांग."

ती आत आली, कपाळाला आठ्या घालून. बेन्सनला तिने विचारलं, "काका, तिकडं पळताना कुणी बोलतं का?"

"बोलायला वेळ कुठं असतो, बेटा? तिथं प्रत्येक पावलाचे पैसे असतात."

"तालामच्या शाळेतली ती जेप्टू, ती तुमच्याबरोबर गेली होती ना? ती पूर्वी खूप बोलायची. आता तिच्या घरासमोरून गेलं तर ती नुसती बसलेली असते." मग बापाकडे वळून ती म्हणाली, "मी शाळा संपवते आधी. पण एका अटीवर. म्वालिमूंनी परत मला कालवड म्हणायचं नाही."

बेन्सन गेला. बूटही गेले. त्याची गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो, आणि मला वाईट गाडीचं वाटत नव्हतं.

परतताना जेमेली थोडं अंतर माझ्यासोबत चालली. मी म्हणालो, "तू माझं शास्त्र मानलंस, बरं वाटलं."

"कसलं शास्त्र?"

"गप्पा मारत पळायचं."

ती थांबली आणि माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मला त्या शेणात बुडावंसं वाटलं. "म्वालिमू, तुम्ही चर्चच्या मागे उलटी केलीत ना, ते तेव्हाच्या पोरांनी पाहिलं होतं. त्यांनी मागच्यांना सांगितलं. शाळेत नवीन कुणी आलं की आधी तेच सांगतात. म्वालिमूंना सोडून जायचं नाही, हळू पळायचं, नाहीतर ते मरतील."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी पोरांना आवरतोय. पोरं मला सांभाळत होती.

त्यानंतर महिनाभर ती माझ्या सायकलजवळून जाताना गाईसारखी हंबरायची. हळूहळू सगळीच पोरं हंबरायला लागली. सकाळी आम्ही रस्त्याने निघालो की खऱ्या गाई कुंपणाशी येऊन उत्तर द्यायच्या.

आणि मग ती हळू झाली.

सोळाव्या वर्षी जेमेली अशी वाढली की तिच्या आईने गणवेशाची शिवण दोनदा उसवली. हात लांब, पाय लांब, अंग भरलेलं, आणि पळणं असं की जणू दुसऱ्या कुणाचे पाय उसने आणलेत. जिल्ह्याला ती पंधरावी की सोळावी आली. तालामच्या सगळ्या पोरी पुढे होत्या. पुढच्या शर्यतीत तर ती मध्येच थांबली आणि गवतात बसली.

भाजीवाली आता मला ब्रेक म्हणत नव्हती, ती मान हलवायची, आणि ते जास्त लागायचं. म्झे काँगोगो वाटेत दिसला की माझ्या मक्याकडे बघत निघून जायचा. माझ्या मक्यात बघण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या घरावर जुनेच पत्रे होते आणि पावसात ते माझ्याविरुद्ध वाजत असतील असं मला वाटायचं.

मी खरंच घाबरलो. इतका घाबरलो की तालामकडे गेलो. तो मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होता.

"एलाइजा, तू असतास तर काय केलं असतंस?"

"रोज चढावर पळवलं असतं. दोनदा."

"मग?"

तालामने चुन्याचा डबा खाली ठेवला. "मग ती आत्तापर्यंत घरी बसली असती. ते काय मला कळत नाही? पण पोर मागं पडायला लागलं की माझा हात शिट्टीवर जातोच. तुला बरं, तुझ्या अंगातच आळस आहे."

एवढी मोठी शाबासकी मला त्याआधी कुणी दिली नव्हती. मी परत आलो आणि जे येतं तेच केलं, म्हणजे फारसं काही नाही. त्या वर्षी तिला एकही शर्यत पळू दिली नाही. ती सकाळी लहान पोरांबरोबर पळायची, संध्याकाळी राएलच्या दुधाचे कॅन उचलायची, आमच्याकडे बसून मक्याच्या पिठाची उगाली खायची आणि मोठ्याने सगळ्यांच्या नकला करायची. ती इतकी हळू पळत होती की मला सायकलवरून तिच्या शेजारून जाता यायचं. तिचं ते सगळ्यात वाईट वर्ष, आणि माझ्या सायकलचं सगळ्यात सुखाचं.

एकदा चर्चच्या चढावर ती बोलायची थांबली. म्हणाली, "म्वालिमू, खरं सांगा. मी संपले का?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही म्वालिमू आहात."

"शेतीचा."

ती हसली नाही. म्हणून मी सायकल थांबवली. "हे बघ, तुझे पाय एका वर्षात वीतभर लांब झाले. ते कुणाचे आहेत हे अजून त्यांनाच कळलेलं नाही. त्यांना कळू दे. मका गुडघ्याएवढा असताना मी रोज वाकून कणसं शोधत बसलो तर लोक मला वेडा म्हणतील."

"लोक तुम्हाला तसंही म्हणतात."

"मग काहीच बिघडत नाही."

ती पुढे निघाली. मी म्हणालो त्यावर तिचा विश्वास बसला की नाही ठाऊक नाही. माझा बसला नव्हता. घरी येऊन मी राएलला विचारलं, "मामा चेलिमो, मी पोरीचं नुकसान तर केलं नाही ना?" ती म्हणाली, "ते आता तुम्हाला विचारून काय उपयोग? तिला विचारा, तिला अजून पळावंसं वाटतं का. वाटतंय तोवर काही गेलेलं नाही." तिला पळावंसं वाटत होतं. तेवढं तर मलाही दिसत होतं.

पाय कधी तिचे झाले ते मात्र मला दिसलं नाही. कुणालाच दिसलं नाही. शाळेचं शेवटचं वर्ष होतं, एका सकाळी मी नेहमीसारखा तिच्या शेजारून सायकल चालवत होतो आणि लक्षात आलं की माझी जीभ बाहेर आली आहे. पुढच्या वळणापर्यंत ती गेली होती. तिकडून आवाज येत होता, पाद्र्याच्या नव्या मोज्यांबद्दल.

त्यापुढे सगळं एकदम झालं नाही. राष्ट्रीय शर्यतीत ती एकदा सहावी आली, एकदा आजारी पडली, एकदा चौथी आली. सैन्याच्या संघात गेली, तिथे तिला खरा प्रशिक्षक मिळाला, पोट नसलेला. रस्त्यावरच्या शर्यती तिने विशीनंतर सुरू केल्या, आणि पहिली मॅरेथॉन तर तिच्या बरोबरच्या कितीतरी पोरी घरी बसल्यानंतर. त्या मॅरेथॉनला ती तिसरी आली. दोन वर्षांनी युरोपातल्या एका थंड शहरात पहिली आली. ती शर्यत आम्ही डेअरीच्या टीव्हीवर बघत होतो. अर्धं गाव आत होतं, अर्धं खिडकीत. शेवटच्या चढाला वीज गेली. मी बाहेर येऊन दुधाच्या कॅनवर बसलो, माझ्या छातीची धडधड कॅनमध्ये ऐकू येत होती. मग फोन आला. तिने स्वतः केला.

"म्वालिमू, जिंकले."

"बोलत होतीस का?"

"शेजारची बाई शेवटी म्हणाली, कृपा करून गप्प बस. मग मी पुढे गेले."

म्झे काँगोगोने त्या दिवशी माझ्या मक्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या गोठ्यात एक कालवड आणून बांधली आणि म्हणाला, "उदाहरणादाखल."

तालाम माझ्याकडे आला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. सोबत त्याची मुलगी होती, केरूबो, बारा वर्षांची. शेवग्याची शेंग, बापासारखीच. मी चहा ठेवायला सांगितलं. त्याने गळ्यातलं स्टॉपवॉच काढून खिशात ठेवलं, नंतर परत काढून हातात घेतलं.

"ही पळते," तो म्हणाला.

"तुझी आहे. पळणारच."

"तिला तुझ्याकडे ठेव. सकाळचं पळणं तुझ्या पोरांबरोबर करू दे."

"का? तुझं मैदान आहे, तुला सगळं येतं."

"येतं म्हणूनच. परवा ती गाईला पाणी द्यायला विहिरीपर्यंत गेली आणि मी तिची वेळ घेतली." त्याने मान खाली घातली. "मला थांबता येत नाही, लाबान. तुला सुरूच करता येत नाही. तुझ्याकडे ती वाचेल."

वीसेक वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. मी केरूबोला ठेवून घेतलं. पोरांनी तिला पहिल्याच सकाळी उलटीची गोष्ट सांगितली असणार, कारण ती दर वळणावर मागे वळून मी जिवंत आहे का ते बघत होती.

ती छान पळायची. दोन वर्षं गप्पा मारत पळाली. तालाम कुंपणापलीकडे झाडामागे उभा राहून बघायचा, दोन्ही हात खिशात घालून, मुठी घट्ट आवळून. मला वाटू लागलं होतं की दुसरी जेमेली येते आहे. मग चौदाव्या वर्षी ती एकदा माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "म्वालिमू, राग येणार नसेल तर सांगते. मला व्हॉलीबॉल आवडतं."

"पळण्यापेक्षा?"

"पळणं बाबांना आवडतं."

तालामला सांगायला मीच गेलो. त्याने ऐकलं, चुन्याचा डबा उचलला, रेषा मारत मैदानाच्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. रेषा वाकडी झाली होती. "उंच आहे ती," शेवटी म्हणाला. "जाळ्याजवळ बरी पडेल."

केरूबो आता कॉलेजच्या संघातून खेळते. मागच्या शनिवारी एल्डोरेटला तिचा सामना होता. मी आणि तालाम मताटूने गेलो, भाजलेली कणसं घेऊन वरच्या बाकावर बसलो. लोक ओरडले की आम्हीही ओरडायचो, पण बहुतेकदा उशिरा. खेळाचे नियम आम्हा दोघांनाही कळत नव्हते. एकदा चेंडू उडाला, केरूबो त्याच्यामागे झेपावली, आणि सगळे उठून उभे राहिले.

"हे आपल्याला मिळालं की त्यांना?" तालामने विचारलं.

"पोरगी हसतेय," मी म्हणालो. "आपल्याला मिळालं असेल."